फाइलमध्ये लिहिलंय, तरी एआय असिस्टंट ऐकत नाही: तीनदा परत आलेले २४ रुपये ८१ पैसे

सकाळी सव्वानऊला घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोच्या जिन्याकडे सरकत होते, तेवढ्यात खजिनदार काकांचा फोन. "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर परत व्याजावर व्याज लावतंय. चोवीस रुपये एक्याऐंशी पैसे." काका बँकेतून निवृत्त झालेत, मुलुंडच्या एका सोसायटीचे हिशेब बघतात आणि आमचं प्रत्येक बिल कॅल्क्युलेटरवर ताडून पाहतात. मला त्यांच्या वाक्यातला टोचला तो शब्द "परत". हीच चूक आम्ही याआधी दोनदा दुरुस्त केली होती. दोन्ही वेळा असिस्टंटच्या सूचनांच्या फाइलमध्ये नियमही लिहून ठेवला होता.

आम्ही चौघं चकाल्याच्या एका छोट्या ऑफिसात हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढणारं सॉफ्टवेअर सांभाळतो. कोडचा बराच भाग आता एआय असिस्टंट लिहितो. त्याला आमच्या प्रोजेक्टची रीतभात कळावी म्हणून फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल असते. काम सुरू करताना तो ती वाचतो. कालच्या सेशनमधलं त्याला काही आठवत नाही असंच धरून चालायचं, त्यामुळे रोज नव्याने सांगायच्या गोष्टी तिथे जातात. निदान जाव्यात अशी अपेक्षा असते.

चूक काय होती ते आधी आकड्यांत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. सदनिकेचं तिमाही बिल ९,००० रुपये. सभासदाने पहिली तिमाही भरली नाही. या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला २१ टक्के साधं व्याज, म्हणजे तिमाहीला सव्वापाच टक्के: ४७२ रुपये ५० पैसे. दुसरी तिमाहीही थकली. आता मुद्दल १८,००० आणि त्या तिमाहीचं व्याज ९४५ रुपये. आमच्या कोडने काढलं ९६९ रुपये ८१ पैसे. त्याने आधीचे ४७२.५० मुद्दलात मिळवले आणि १८,४७२.५० वर सव्वापाच टक्के लावले. फरक २४.८१.

यात असिस्टंटचा मूर्खपणा नाही, हे मला उशिरा कळलं. बाकीवर व्याज, त्या व्याजासकट पुढची बाकी, तिच्यावर पुन्हा व्याज: क्रेडिट कार्डासारख्या हिशेबात असंच चालतं आणि अशा कोडचे ढीग तो शिकलेला आहे. सोसायटीचं साधं व्याज त्याच्या सवयीच्या विरुद्ध जातं. तुमचा नियम जगाच्या वहिवाटीपेक्षा जिथे वेगळा आहे, तिथेच तो पुन्हा पुन्हा घसरणार. सूचनांची फाइल मुख्यतः अशाच जागांसाठी असते.

आधी एक गोष्ट करू नका

"नियम लिहिलेला असताना का पाळला नाहीस?" असं त्याला विचारू नका. तो अगदी नम्रपणे माफी मागतो, कारणही देतो, "पुढच्या वेळी लक्ष ठेवीन" म्हणतो. ते कारण बहुधा त्या क्षणी जुळवलेलं असतं, आणि पुढची वेळ येते तेव्हा ती माफी मागणारं सेशन संपलेलं असतं. आम्ही पहिल्या खेपेला या माफीवरच समाधान मानलं. दीड महिना गेला, पुढची बिलं निघाली, आणि काकांचा फोन आला.

तीन वेळा एकच चूक, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं. आम्ही ती कारणं उलट्या क्रमाने शिकलो. तुम्ही सुलट्या क्रमाने बघा, वेळ वाचेल.

फाइल त्याच्यापर्यंत पोचली का?

हे तिसऱ्या खेपेचं कारण. सगळ्यात सोपं, म्हणूनच सगळ्यात शेवटी सुचलं. टीममध्ये नवीन आलेली मुलगी आमच्यापेक्षा वेगळा असिस्टंट वापरत होती. आमचे नियम एका नावाच्या फाइलमध्ये, तिचा असिस्टंट दुसऱ्या नावाची फाइल शोधणारा. त्याला काही सापडलं नाही, त्याने तक्रारही केली नाही. फाइल नसली तर हे असिस्टंट मुकाट्याने काम सुरू करतात, कुठे लाल अक्षरांत काही येत नाही.

प्रत्येक असिस्टंटच्या फाइलचं नाव वेगळं आहे, ते एकदा पक्कं माहीत हवं. क्लॉड कोड "क्लॉड.एमडी" वाचतो. कोडेक्स आणि इतर अनेक जण "एजंट्स.एमडी" वाचतात. जेमिनी सीएलआयची "जेमिनी.एमडी". गिटहब कोपायलटची "कोपायलट-इन्स्ट्रक्शन्स.एमडी", तीही टिंबाने सुरू होणाऱ्या "गिटहब" फोल्डरमध्ये. कर्सरमध्ये आधी "कर्सररूल्स" नावाची एकच फाइल असायची, नंतर "रूल्स" फोल्डरमध्ये छोट्या छोट्या नियमफाइली ठेवायची पद्धत आली. प्रत्यक्षात ही नावं अर्थातच रोमन लिपीत असतात आणि पहिल्या तीन फाइलींचा मुख्य भाग मोठ्या अक्षरांत. लहान अक्षरांत लिहिलेलं नाव मॅकवर खपून जाऊ शकतं, कारण तिथली फाइल सिस्टिम सहसा लहान-मोठं अक्षर वेगळं मानत नाही. लिनक्स सर्व्हरवर तीच फाइल सापडत नाही.

आम्ही शेवटी खरा मजकूर एकाच ठिकाणी, एजंट्स.एमडीमध्ये ठेवला. क्लॉड.एमडीमध्ये फक्त "अ‍ॅट"चं चिन्ह आणि एजंट्स.एमडीचं नाव, एवढी एकच ओळ. क्लॉड कोड अशी ओळ दिसली की ती फाइल आत ओढून घेतो. दोन प्रती ठेवण्याचा मोह आवरा. महिन्याभरात त्या दोन वेगळ्या फाइली होतात आणि कुणालाच कळत नाही.

नाव बरोबर असलं तरी जागा बघा. क्लॉड कोड तुम्ही जिथून सुरू केलात त्या फोल्डरची आणि त्याच्या वरच्या फोल्डरांची फाइल सुरुवातीलाच घेतो. खालच्या एखाद्या उपफोल्डरात ठेवलेली फाइल मात्र तो त्या उपफोल्डरातलं काही वाचायला जाईल तेव्हाच घेतो. कोडेक्स प्रोजेक्टच्या मुळापासून तुम्ही उभे आहात त्या फोल्डरपर्यंतच्या फाइली जोडतो, त्याखालच्या नाही. कर्सर आणि कोपायलटमध्ये नियम ठरावीक फाइलींपुरता बांधता येतो. सोय चांगली आहे, पण पॅटर्न चुकला की नियम झोपून राहतो. आमच्याकडे व्याजाचा नियम फक्त टाइपस्क्रिप्ट या भाषेतल्या फाइलींना बांधला होता आणि व्याजाचं निम्मं गणित एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, होतं. काय बोलणार!

पोचली की नाही हे तपासायला क्लॉड कोडमध्ये स्लॅश देऊन "मेमरी" टाइप करा, कोणत्या फाइली घेतल्यात ते दिसतं. कुठल्याही असिस्टंटला चालणारी आमची युक्ती जरा पोरकट आहे. फाइलमध्ये एक ओळ टाकली: "प्रत्येक उत्तराची पहिली ओळ अशी असू दे: पुढील स्टेशन, कुर्ला." नवीन सेशन उघडायचं, "हॅलो" म्हणायचं. कुर्ला आलं तर फाइल पोचली. नाही आलं तर पुढे काही तपासण्यात अर्थ नाही, आधी नाव आणि जागा. "तुझ्या सूचनांमध्ये व्याजाबद्दल काय आहे?" असं विचारणं तेवढं भरवशाचं नाही. तो बऱ्याचदा प्रश्न आल्यावर फाइल उघडून वाचतो आणि उत्तर देतो. त्यावरून सुरुवातीला ती त्याच्याकडे होती हे सिद्ध होत नाही.

फाइल स्वतःशीच भांडत असेल तर

दुसऱ्या खेपेला फाइल पोचली होती. ३४० ओळींची होती. व्याजाचा नियम २१४व्या ओळीवर, अगदी स्पष्ट शब्दांत: व्याज फक्त मुद्दलावर. तरी तो चुकला. अख्खी दुपार शोधण्यात गेली. शेवटी आमच्या सीनियरने फाइलमध्ये "व्याज" हा शब्द शोधला तेव्हा तो पाच ठिकाणी सापडला. त्यातली ६१वी ओळ अशी होती: "थकबाकी म्हणजे मागच्या बिलाची येणे बाकी. व्याज थकबाकीवर लावावे." येणे बाकीत मागचं व्याज आलंच. म्हणजे आम्हीच त्याला दोन तोंडांनी दोन गोष्टी सांगत होतो, आणि त्याने त्याच्या सवयीला जवळची होती ती उचलली. माणूस असता तर विचारायला तरी आला असता.

अशी फाइल कशी तयार होते ते सोसायटीचा नोटीस बोर्ड बघितलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. पाणीकपातीची नोटीस, तिच्यावर लिफ्ट दुरुस्तीची, तिच्यावर गणपतीच्या वर्गणीची. पिना वाढत जातात. खालची नोटीस कुणी काढत नाही, कारण ती लावणारा वेगळा होता. आमच्या फाइलचा पाया असिस्टंटनेच रचलेला होता. प्रोजेक्ट बघून सूचनांची फाइल आपोआप लिहून देणारी कमांड असते, ती चालवली की फोल्डरांची यादी, वापरलेल्या लायब्ऱ्या असं सगळं छान मांडून मिळतं. त्यातला बराच भाग कोड उघडला की दिसतोच. त्यावर आम्ही प्रत्येक चुकीनंतर एक ओळ चिकटवत गेलो.

भांडणं शोधण्याचं काम असिस्टंट स्वतः चांगलं करतो. नव्या सेशनमध्ये त्याला सांगा: ही फाइल वाच, एकमेकींना छेद देणाऱ्या ओळींच्या जोड्या ओळ क्रमांकासह दे, दुरुस्त काहीही करू नकोस. शेवटचा भाग महत्त्वाचा. नाहीतर तो उत्साहाने सगळी फाइल गुळगुळीत करून देतो आणि नेमकी कामाची ओळ त्यात विरघळते. आम्हाला अकरा जोड्या मिळाल्या. त्यातल्या तीन खोट्या होत्या, आठ खऱ्या.

लांबीबद्दल. क्लॉड कोडच्या अधिकृत माहितीतच एक फाइल साधारण दोनशे ओळींच्या आत ठेवायला सुचवलंय. कोडेक्स मूळ सेटिंगमध्ये अशा सगळ्या फाइली मिळून ३२ केबीपर्यंतचाच मजकूर घेतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या आणि इतर संशोधकांनी दाखवलं होतं की लांब मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती भाषा मॉडेल जास्त चांगली वापरतात, मधली निसटते. त्यानंतर मॉडेल बरीच सुधारली, पण २१४व्या ओळीवर जीव टांगून ठेवायला मला आजही आवडत नाही.

आता प्रत्येक ओळीला आम्ही एकच प्रश्न विचारतो: ही काढली तर असिस्टंट चुकेल का? शंका असली तर काढून बघतो. "स्वच्छ आणि वाचनीय कोड लिही" ही ओळ काढली, काही बदललं नाही. "रिॲक्ट वापर" काढली. प्रोजेक्टभर ही स्क्रीन बनवायची लायब्ररी आहे, त्याला दिसतंच. "अत्यंत महत्त्वाचे!!!" असं आठ ठिकाणी होतं. प्लॅटफॉर्मवरच्या अखंड उद्घोषणेकडे आपण जितकं लक्ष देतो तितकंच त्याकडे जाणार. आता ते शब्द फाइलमध्ये एकाच जागी आहेत.

जुन्या झालेल्या ओळी वेगळ्या आणि जास्त वाईट. डिसेंबर २०२३ मध्ये दादरला मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मचे क्रमांक बदलले, जुना एक नंबर आता आठ आहे. माझी आई अजूनही "दादरला एक नंबरवर ये" असं सांगते. मी मनातल्या मनात बदलून घेते, कारण मला स्टेशन माहीत आहे. असिस्टंटला आमचं स्टेशन माहीत नाही, तो सरळ एक नंबरवर जाऊन उभा राहतो, तोही पश्चिम रेल्वेच्या. आमच्या फाइलमध्ये "तारखांसाठी मोमेंट वापर" अशी ओळ राहून गेली होती. मोमेंट लायब्ररीच्या मंडळींनी २०२०मध्येच नव्या प्रोजेक्टसाठी ती वापरू नका असं सांगितलं होतं, आम्हीही कधीच सोडली होती. असिस्टंटने ती इमानदारीत परत इन्स्टॉल केली. सगळ्या नियमांपैकी हा एक मात्र तंतोतंत पाळला!

शब्द

पहिल्या खेपेचं कारण साधं होतं. फाइलमध्ये लिहिलं होतं: "व्याजाची आकारणी उपविधींनुसार अचूक करावी." असं वाक्य वार्षिक सर्वसाधारण सभेच्या ठरावात शोभतं. असिस्टंटला त्यातून काय कळणार? कुठले उपविधी, अचूक म्हणजे काय? खरं तर आमच्या टीममध्येही तिघांना ते नीट माहीत नव्हतं. काकांना माहीत होतं.

आता ती जागा अशी आहे (आमची फाइल इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते):

"थकबाकीवरचं व्याज साधं असतं. ते फक्त न भरलेल्या मुद्दलावर काढ. आधी आकारलेलं व्याज वेगळ्या खात्यात ठेव, त्यावर व्याज नाही. उदाहरण: दोन तिमाहींचे ९,००० प्रमाणे १८,००० थकले, दर वर्षाला २१ टक्के, दुसऱ्या तिमाहीचं व्याज ९४५.००. उत्तर ९६९.८१ आलं तर व्याजावर व्याज लागलंय. कारण: उपविधींत चक्रवाढ नाही आणि सभासद यावर तक्रार करू शकतो."

यातलं सगळ्यात जास्त काम करतो तो चुकीचा आकडा. बरोबर उत्तर दिलं की त्याला लक्ष्य मिळतं. चुकीचं उत्तर आणि त्यामागची चूक दिली की आपण घसरतोय हे त्याला स्वतःलाच पकडता येतं. दुसऱ्या क्रमांकावर "कारण". कारण दिलं नव्हतं तेव्हा तो बिलात नियम पाळायचा आणि थकबाकीच्या नोटिशीत मोडायचा. नोटिशीचा उल्लेख फाइलमध्ये नव्हताच. कारण कळल्यावर तो नियम स्वतःहून तिथेही नेऊ लागला.

नुसतं "करू नको" लिहिणंही अर्धवट. "रकमेसाठी दशांश चलघटक (अपूर्णांकात आकडा ठेवणारी जागा) वापरू नको" असं लिहिलं, तर त्याने रक्कम अक्षरमालिकेत, म्हणजे नुसता मजकूर म्हणून, ठेवायला सुरुवात केली. आगीतून फुफाट्यात. "रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेव, रुपये फक्त दाखवताना कर" असं लिहिल्यावर विषय संपला.

आणि जे कोडवरून ओळखता येणारच नाही ते लिहा. आमच्याकडचं एक मासलेवाईक उदाहरण मराठी बिलांचं. जावास्क्रिप्टला मराठी-भारत लोकॅल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलं की आकडे देवनागरीत येतात: १८,०००. दिसायला सुरेख. मग तोच आकडा एखाद्या रकान्यातून परत वाचून, स्वल्पविराम काढूनही, संख्येत बदलायला गेलं की जावास्क्रिप्ट हात वर करते, "संख्या नाही" म्हणते. पायथन मात्र देवनागरी अंक निमूटपणे वाचते, त्यामुळे सर्व्हरवरची चाचणी हिरवी, म्हणजे पास, आणि स्क्रीनवरचं बिल रिकामं. दोन दिवस आम्ही एकमेकांच्या कोडकडे संशयाने बघत होतो. आता फाइलमध्ये ओळ आहे: मराठी बिलावर देवनागरी अंक फक्त छापताना, आतला प्रवास नेहमी रोमन अंकांत. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसचंही तसंच. भाड्याने दिलेल्या घरावरचा हा आकार सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त दहा टक्के, महापालिकेचे कर वगळून. असिस्टंट तो पूर्ण बिलाच्या दहा टक्के काढायचा. त्या शब्दाचा हा अर्थ त्याने कुठून ओळखावा?

फाइल मराठीत लिहावी का?

चालते. असिस्टंट मराठी सूचना व्यवस्थित समजतात, आम्ही महिनाभर करून पाहिलं. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये (मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं, काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे कोडेक्सची ३२ केबीची मर्यादा मराठीत साधारण अकरा हजार चिन्हांतच गाठली जाते. टोकनही (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) सहसा इंग्रजीपेक्षा जास्त लागतात. त्यामुळे सूचना इंग्रजीत आणि शब्दार्थ दोन्ही भाषांत, असा मध्यम मार्ग काढला. "येणे बाकी", "सिंकिंग फंड", "थकबाकी" यांचा आमच्या कोडमधला नेमका अर्थ आणि चलघटकाचं नाव, अशा नऊ ओळी. ६१व्या ओळीवरचं भांडण "थकबाकी" या शब्दावरूनच झालं होतं, त्यामुळे तो शब्द यादीत पहिला आहे.

जे सांगून भागणार नाही

फाइल पोचली, भांडत नाही, शब्द नेमके आहेत, तरी शंभरात एखाद्या वेळी तो चुकणार. सूचनांची फाइल म्हणजे सांगणं आहे, कुलूप नाही. कधीच चुकून चालणार नाही अशी गोष्ट तिच्या भरवशावर सोडली तर ती आपली चूक. काकांचं उदाहरण आम्ही जसंच्या तसं चाचणीत घातलं: १८,००० मुद्दल, ९४५.०० व्याज, एक पैसा इकडे-तिकडे झाला तर लाल. हे पहिल्याच खेपेला केलं असतं तर हा मजकूर लिहावाच लागला नसता.

त्यातही एक गंमत झाली. चाचणी लाल आली तेव्हा असिस्टंटने चाचणीतला अपेक्षित आकडाच बदलून ९६९.८१ केला आणि "सर्व चाचण्या यशस्वी" असं कळवलं. म्हणून आता फाइलमध्ये ओळ आहे की व्याजाची चाचणी लाल आली तर कोड बदल, चाचणी नाही. शिवाय त्या चाचण्यांच्या फोल्डरमधला कुठलाही बदल माणसाने मंजूर केल्याशिवाय कोडच्या मुख्य शाखेत जात नाही. क्लॉड कोडमध्ये हुक लावता येतात: असिस्टंट एखादी फाइल बदलायच्या आधी आपली छोटी स्क्रिप्ट चालते, आणि ती २ हा कोड देऊन संपली की तो बदल तिथेच अडतो. डेटाबेसच्या रचनेत झालेले बदल नोंदवणाऱ्या जुन्या मायग्रेशन फाइलींना आम्ही असा हुक लावलाय. चालू डेटाबेसचा पासवर्ड तर असिस्टंटच्या मशीनवर ठेवतच नाही. "प्रॉडक्शनला (चालू सिस्टिमला) हात लावू नकोस" असं लिहून किल्ली शेजारी ठेवण्यात काय अर्थ आहे?

अजून न सुटलेलं

लांब सेशन. सकाळी सुरू केलेलं सेशन संध्याकाळपर्यंत ओढलं की सुरुवातीचे नियम ढिले पडतात. संभाषण फार लांबलं की असिस्टंट मागचं बोलणं आटवून सारांश करतो आणि गप्पांच्या ओघात तुम्ही तोंडी दिलेली सूचना त्यात हरवते. क्लॉड कोड अशा वेळी प्रोजेक्टच्या मुळाशी असलेली क्लॉड.एमडी पुन्हा वाचतो, त्यामुळे दिवसभर टिकायला हवं ते फाइलमध्येच हवं. तोंडी सांगितलेलं दोनदा सांगावं लागलं की आम्ही ते फाइलमध्ये टाकायचं की नाही यावर विचार करतो. बऱ्याचदा उत्तर "नाही" असतं, कारण ते त्या दिवसापुरतंच असतं.

कुर्ल्याची ओळ खरं तर काढून टाकायची होती. पण लांब सेशनमध्ये ती आपोआप दुसऱ्या कामाला आली. तीन-चार तासांनी कधीतरी उत्तराच्या वरचं "पुढील स्टेशन, कुर्ला" गायब होतं. तेव्हा बाकीचे नियमही पातळ झालेत असं समजून आम्ही हातातलं काम कमिट करतो, म्हणजे नोंदवून ठेवतो, आणि नवीन सेशन उघडतो. क्लायंटला स्क्रीन दाखवताना मात्र ती ओळ आठवणीने बंद करावी लागते. गेल्या महिन्यात काकांना डेमो देताना विसरले. त्यांनी चष्मा वर करून स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कुर्ला कुठल्या हेडखाली टाकलंय?"